जावयाचं जळण

आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरात गीझर आहे, पण आईला अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं. थंडीत ती भल्या पहाटे मागच्या अंगणात बंब पेटवते. जळण धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडून येतं. त्याचा ब्रिकेटचा कारखाना आहे; ब्रिकेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जाडजूड कांड्या. पहिल्या वर्षी त्या नुसत्या मोहरीच्या काड्यांच्या होत्या. शांत जळायच्या, खाली मऊ राख पडायची.

यंदाची पोती आली आणि आईचा दमा उसळला. धूर काळा, डोळ्यांत झोंबणारा. जाळीवर दगडासारखे गोळे चिकटायचे, ते मी उलथन्याने खरवडत बसायची. एक दिवस कांडी फोडून पाहिली, तर आत सनमायकाचे चकचकीत तुकडे, म्हणजे फर्निचरच्या प्लायवुडचा कचरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दम्याच्या बाईला हा गृहस्थ प्लायवुडचा डिंक जाळायला देतो!

पोती परत पाठवू म्हटलं, तर आई माझ्यावरच उखडली. जावयाने प्रेमाने दिलेलं परत करत नाहीत, धाकटीला तिकडे ऐकून घ्यावं लागेल. म्हणजे मान त्याचा आणि खोकायचं हिने. मला त्या मानापानाची शिसारी आली.

संक्रांतीला दोघं जेवायला आली. गुळाची पोळी वाढतावाढताच मी विषय काढला. तो हसला आणि त्याच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला,

"ताई, मोहरीचा भुसा ओला येतो. प्लायवुडचा बुरा एकदम सुखा, झटकन पेटतो. आजपर्यंत कोणाची शिकायत नाही."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी ऐकते कसली! पहाटे येऊन हिची छाती कशी वाजते ते ऐका, असं तोंडावर सांगितलं, आणि उरलेली सगळी पोती आजच्या आज घेऊन जा म्हटलं. त्याचं हसू मावळलं. ताट अर्धवट टाकून तो उठला.

बहीण माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. रागावली असेल असं वाटलं, पण तिने फक्त दार लोटून घेतलं.

"आईचा बंब तासभर पेटतो, ताई," ती म्हणाली. "आमच्या घरामागे भुसा सुकवायची भट्टी आहे. ती याच कांड्यांवर दिवसभर चालते, धूर सगळा घरात येतो. मला कोणी काही विचारलं नाही."

बाहेर तिचा नवरा मी परत केलेली पोती गाडीत चढवत होता.