रोपवे बंद होता तेव्हा

ऑगस्टमध्ये बहरीनमधल्या अमवाज बेटावरच्या आमच्या फ्लॅटची खिडकी उघडायची सोय नाही; बाहेर नुसती भट्टी असते. काल ओल्या खोबऱ्याची पिशवी काढायला फ्रीझर उघडला आणि त्या गार वासासरशी मी स्वित्झर्लंडच्या त्या शिखरावर पोचले.

नवऱ्याला लीव्ह मिळाली नाही म्हणून एकटीच गेले होते. सकाळभर खालच्या गावात हिंडले, दुपारी वर आले, तर वाऱ्यामुळे रोपवे बंद. चहूकडे पांढरं, आणि मला हाक मारणारं कुणीच नाही. फोनवर नवरा म्हणाला, “अगं, रात्रीची फ्लाइट चुकली तर?” मी रडकुंडीला आले.

“मम्मा, क्लोज द डोअर!” लेक ओरडली.

मी फ्रीझर लावला. त्या दिवशी रोपवे सुरू झाल्यावर सगळ्यांना ढकलून पहिली आत शिरले होते, ती मीच.