माउंट करायला रूट लागत नाही

"पहले तेरी माँ की आवाज निकाल. फिर फोल्डर दूँगा."

सर म्हणाले. मी त्यांच्या केबिनच्या दारात उभा. मागे अख्खं ऑफिस कान लावून.

आई आत्ताच येऊन गेली होती. मी डबा विसरलेलो, ती खारीगावातून चालत घेऊन आली. आत नाही आली. दारातूनच हाक मारली, "लेकरा, डब्बा इसरला की रं तू!" आम्ही जालन्याकडचे. इथे येऊन इतकी वर्षं झाली, आईची बोली तशीच आहे. सरांना ती भारी मजेशीर वाटली.

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आमचं ऑफिस. बिल्डिंगांचे नकाशे काढतो. सगळं काम सर्व्हरवर. सकाळी मशीन चालू केलं की सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडायचं. त्याला माउंट म्हणतात. न जोडता बसलात तर स्क्रीनकडे बघत चहा प्या, दुसरं काही होत नाही. आणि जोडायची आमच्याकडची पद्धत अशी: केबिनच्या दारात जायचं, "सर, माउंट" म्हणायचं. सर, म्हणजे आमचे मॅनेजर, येणार, कोणाला दिसू नये म्हणून पाठ आडवी धरून रूटचा पासवर्ड मारणार. रूट म्हणजे मशीनचा मालक. मग आपण "थँक्यू सर". संध्याकाळी अनमाउंट करायला, म्हणजे ते सोडायला, परत तेच. म्हणजे घरी जायचं तरी थँक्यू.

बाकीच्यांचं एका थँक्यूत भागायचं. माझं नाही. मी नकला करतो ना. परतूरच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्यात. घोडबंदरच्या बसचा कंडक्टर, कचरागाडीचा भोंगा, खालचे फरसाणवाले मोटाभाई, सगळे माझ्या गळ्यात राहतात, भाडंही देत नाहीत. सरांना कळलं आणि माझा नियम ठरला. आधी नक्कल, मग माउंट.

सुरुवातीला मला पण मजा यायची. खोटं कशाला बोलू? पण फर्माईश घसरत गेली. आधी कंडक्टर. मग वॉचमन. मग, "तुम्हारी बस्ती में झगडा कैसे होता है, वो कर." इंटरव्ह्यूत सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले होते, "अच्छा... अच्छा." ते लांबलेलं अच्छा मला बस्तीच्या वेळी कळलं.

आणि आता आई.

घसा तयार होता. हुबेहूब आली असती. सगळे लोळले असते. मी तोंड मिटलं.

"नाही करणार."

"अरे, मजाक है यार!"

"मग तुमच्या आईची करतो. दिवाळीला आल्या होत्या. लक्षात आहे आवाज."

कोणी हसलं नाही. सर लाल झाले. "जा, बैठ. फोल्डर नहीं मिलेगा. शाम तक ड्रॉइंग नहीं गया तो कल से मत आना."

बसलो. वरसाव्याच्या साइटचा नकाशा त्याच संध्याकाळी जायचा होता. बाबांचं काम सुटलेलं. घरात पगार एकच, माझा. शेजारची मनाली कुजबुजली, "अरे, सॉरी बोल ना. काय जातंय?"

"कशाबद्दल सॉरी, मनाली?"

ती आपल्या स्क्रीनकडे वळली.

मी टर्मिनल उघडलं. काळी खिडकी, आत कमांड टाइप करायच्या. प्रत्येक कमांडची माहिती मशीनमध्येच असते, कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. माउंटचं वाचत सुटलो. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. आणि एका जागी थांबलो. साधा युजरही सर्व्हरवरचं फोल्डर स्वतःपुरतं जोडू शकतो. रूट लागत नाही. फक्त सर्व्हरवर लॉगिन पाहिजे. लॉगिन होतं की! सगळ्यांचंच होतं. आमची हजेरीच त्याच्यावर लागायची.

sshfs लिहिलं. पुढे माझं नाव, सर्व्हरचं नाव, आणि जिथे जोडायचं ते माझ्या मशीनवरचं एक रिकामं फोल्डर. पासवर्ड विचारला, तोही माझाच. एंटर.

आलं फोल्डर.

नाचायला पाहिजे होतं. डोकं तापलं. म्हणजे मशीनने मला कधी अडवलंच नव्हतं. माणसाने अडवलं होतं. आणि मी त्याला रोज हसवत होतो.

केबिनमधल्या स्क्रीनवर दिसलं असणार, सर ताडताड आले. "किसने माउंट किया?"

"मी."

मला उठवून माझ्या खुर्चीत बसले. पाठ आडवी. रूट झाले. माझ्या फोल्डरमध्ये डोकावायला गेले. स्क्रीनवर आलं, परमिशन डिनाइड. असं जोडलेलं फोल्डर जोडणाऱ्यालाच उघडतं. रूटला पण नाही. मनाली फिसकन हसली. सरांनी रागाने अनमाउंट मारलं आणि केबिनमध्ये गेले.

मी परत जोडलं. त्यांनी केबिनमधून तोडलं. मी जोडलं. तोडलं. जोडलं. कमांड एकदाही चुकली नाही. शेवटी तेच दमले. नकाशा वेळेत गेला.

निघताना सर आडवे आले. "तेरा लॉगिन ही उडा देता हूँ."

"उडवा. पण लेखी द्या. कारण लिहा, याने आईची नक्कल केली नाही. तो कागद मी ऑफिसच्या मालकांना दाखवतो, लेबर ऑफिसलाही दाखवतो."

लेखी काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनसमोर रांग लागली तेव्हा मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, जोडायचं कसं, सोडायचं कसं. मनालीने लगेच करून बघितलं. काही जण तरीही रांगेत थांबले. थांबू दे. मी रोज सांगणार. नवीन कोणी आलं की त्याला पहिलं हेच सांगणार.

माझं लॉगिन आज आहे, उद्या नसेल. ते जाईल त्या दिवशीही मी येणार, खुर्चीत बसणार आणि कारण लेखी मागणार.