बॉल हातात नसताना

आमच्या पद्माकर भाऊजींना माणूस नुसता बघता येत नाही, त्याला गुण द्यावे लागतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, नंदाताईचे, हे यजमान. लंडनमधल्या ईलिंगमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. लोकांनी घर विकत घेण्याआधी त्याच्या भिंतींत ओल आहे का, छप्पर कुठे बसलंय का, हे तपासून द्यायचं हा त्यांचा व्यवसाय. ताजा रंग दिसला की त्यांचा संशय वाढतो. माझ्या नव्या बाथरूमची वास्तुशांत व्हायची होती तेव्हा ते टाइल्सवर बोटाने टकटक करत फिरले आणि चहा न घेता निघून गेले. तीन महिन्यांनी टाइल्स सुटल्या. तो राग माझ्या मनात अजून आहे.

हे झालं पोटापाण्याचं. वेड वेगळंच. ऐंशीच्या दशकात इथल्या टीव्हीवर रविवारी अमेरिकन फुटबॉल दाखवायचे. शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, तो खेळ. इथल्या आमच्या मराठी मंडळातले बाकीचे पुरुष क्रिकेटवर तावातावाने भांडत तेव्हा भाऊजी हे बघत बसले, आणि त्यातच अडकले. बरं, अडकले तेही एका कोपऱ्यात. मोठ्या क्लबांचे सामने त्यांना नकोत. त्यांना बघायची कॉलेजची पोरं, आणि त्यातही फक्त रनिंग बॅक. रनिंग बॅक म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. दर वसंतात मोठे क्लब कॉलेजांतून अशी पोरं निवडतात. त्यातलं कोण पुढे टिकेल आणि कोण दोन वर्षांत गुडघे धरून घरी बसेल, हे ईलिंगच्या सोफ्यावर बसून भाऊजी ठरवणार. अमेरिकेत कोलंबसला राहणारा त्यांचा चुलतभाऊ सामने टेप करून पाठवायचा, पुढे केबलवर अमेरिकन खेळांचं चॅनल आलं. मग ते एका वेबसाइटवर रिपोर्ट लिहू लागले. ब्रिटनभर विखुरलेले असलेच काही वेडे ते वाचत. अमेरिकेत भाऊजींनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यांचे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण त्यांच्याकडे जेवायला गेलं की आमटीबरोबर तेही वाढले जात. पहिला नियम, मुलगा किती धावला ते नंतर, आधी त्याच्यापुढे वाट कोण काढून देतंय ते बघा. पुढची पाच जाडी पोरं भिंत फोडत असतील तर मागून कुणीही धावेल. दुसरा नियम, बॉल हातून सुटणाऱ्याला क्षमा नाही. आणि तिसरा, सगळ्यात लाडका: बॉल हातात नसताना मुलगा काय करतो? बॉल फेकणाऱ्याच्या अंगावर कुणी आडबाजूने धावून येत असेल, तर रनिंग बॅकने मध्ये पडून तो धक्का स्वतःवर घ्यायचा असतो. त्याला टाळ्या नाहीत, कॅमेराही तिकडे नसतो. भाऊजी नेमकं तेवढंच पाच-पाच वेळा मागे नेऊन बघायचे. ताई म्हणायची, लग्नाचा व्हिडिओ आम्ही एकदाच बघितला, तोही अर्धा.

निवडीच्या आधी क्लबवाले त्या पोरांना एका मोठ्या हॉलमध्ये बोलावतात आणि नुसत्या चड्डीवर धावायला लावतात. अंगावर कोणी येत नाही, धक्का नाही, फक्त घड्याळ. भाऊजींना त्याची मनस्वी चीड. त्यांचं म्हणणं, हे आपल्या कांदेपोह्यांसारखं आहे. इस्त्रीचा शर्ट घालून तासभर सोफ्यावर नीट बसता येणं यावरून काय कळतं? पुण्याची स्थळं तर ते ऐकूनही घेत नसत. त्या मुलांची आईच पुढे वाट काढत असते, त्यांना स्वतःला धावता येतं की नाही हे कुणालाच माहीत नाही, असं ते माझ्या सासूबाईंच्या देखत म्हणाले होते. आमचे हे पुण्याचे आहेत.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, मालविकाने, २००६च्या सप्टेंबरात एका मुलाला घरी चहाला आणलं. यतीन नाव त्याचं, मूळचा नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. बोलका, हसरा, कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवणारा. ताई पहिल्या दहा मिनिटांत विरघळली. मला तर तो आल्या आल्याच आवडला होता, कारण त्याने माझं वय विचारलं नाही आणि माझी खीर दोनदा घेतली.

तो गेल्यावर मालविकाने वडिलांकडे बघितलं. दिवाळी झाली की यतीन आईवडिलांना सांगायला नागपूरला जाणार होता. त्याच्या घरची माणसं जुन्या वळणाची. मुलीच्या वडिलांनी आधी फोन करायचा, मग पुढचं बोलणं, अशी त्यांच्याकडची रीत. ईलिंगमध्ये जन्मलेल्या आमच्या पोरीला ही रीत हास्यास्पद वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिला तो फोन हवा होता. बाबांनी तो मनापासून करावा असं तिला वाटत होतं, कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे.

भाऊजी म्हणाले, मुलगा बोलतो छान, पण बोलतात सगळेच छान. टेप नाही. टेप बघितल्याशिवाय मी गुण देत नाही.

"बाबा, ही इज नॉट अ रनिंग बॅक," मालविका तिच्या ईलिंगी मराठीत म्हणाली. "मला त्याच्याशी लग्न करायची आहे."

"म्हणूनच," भाऊजी म्हणाले.

आता टेप मिळवायची कुठून? भाऊजींनी ती स्वतःच काढायचं ठरवलं. मंडळाचं दिवाळीचं जेवण दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये असतं. त्यांनी यतीनला वाढप्यांमध्ये घातलं आणि स्वतः चित्रीकरणाचं काम मागून घेतलं. मंडळाला वाटलं, पद्माकरांना एकदाची समाजसेवा सुचली. रेशमी कुर्ता, कोल्हापुरी चपला आणि डोळ्याला कॅमेरा अशा थाटात ते हॉलभर फिरू लागले. दिव्यांची आरास, मुलींचे नाच, कमिटीचं भाषण, कशाकडेही त्यांनी कॅमेरा वळवला नाही. यतीन खुर्च्या लावतोय, यतीन पाणी देतोय, यतीन कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधतोय. मला हसू आवरेना. ताई मात्र पदराचं टोक पिळत होती, कारण काय चाललंय हे तिला माहीत होतं आणि यतीनला नव्हतं.

जेवणं सुरू झाल्यावर भाऊजी स्टेजवर चढले. वरून सगळं मैदान दिसतं, हीसुद्धा त्यांची एक शिकवण. खाली यतीन गरम आमटीचं मोठं पातेलं दोन्ही हातांत धरून स्टेजला लागून चालला होता. त्याच्यावर कॅमेरा धरून भाऊजी स्टेजच्या कडेकडेने सरकत होते. पुढच्या क्षणी धाडकन आवाज झाला. बघते तो पातेलं आडवं, आमटी चहूकडे, आणि यतीन भाऊजींचे गुडघे कवटाळून उभा. रेशमी कुर्त्यावर पिवळा नकाशा. सगळा हॉल हसला. मीही हसले.

यतीन नुसतं सॉरी काका, सॉरी काका म्हणत राहिला आणि मॉप शोधायला गेला. मंडळाने त्या दिवशी कोरडा भात खाल्ला, आणि कमिटीच्या अध्यक्षांनी ती गोष्ट फार मनाला लावून घेतली.

संध्याकाळी घरी भाऊजींनी निकाल दिला. हातातलं सांभाळता येत नाही. शिवाय चालता चालता माझ्यावर येऊन आदळला. मालविका रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. बुधवारी त्याची फ्लाइट आहे, तो त्याच्या घरी सांगेल, आम्ही रजिस्टर लग्न करू, असं तिने शांतपणे सांगितलं. मग दारात थांबून म्हणाली, "फोन नका करू बाबा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आय नो. पण मला फार वाईट वाटली." आणि ती वर गेली. भाऊजींनी टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पोरीच्या आवाजात जो शहाणपणा होता तो मला सहन होईना. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. सकाळी उठले, चपला घातल्या आणि थेट ताईच्या घरी गेले. भाऊजी टोस्टला लोणी लावत होते. मी विचारलं, त्या अमेरिकन पोरांच्या हातून बॉल सुटला की तुम्ही काय करता? म्हणाले, मागे नेऊन बघतो. घाम होता का, कुणी हात मारला का, चूक खरोखर कुणाची. मग कालची टेप बघितली का, मी विचारलं. म्हणाले, त्यात काय बघायचं, मी तिथे होतो. मी म्हटलं, तुम्ही कोलंबसला नव्हता तरी तिथल्या पोरांना न्याय देता. नागपूरच्या पोराने काय घोडं मारलंय? न बघता रिपोर्ट लिहायचा नाही, हा नियम तुमचा की माझा?

नियम त्यांचाच होता. त्यांनी टोस्ट ठेवला आणि कॅमेरा टीव्हीला जोडला.

पहिल्यांदा मला फक्त आमटी दिसली. भाऊजींनी टेप मागे नेली. पुन्हा पातेलं, पुन्हा आमटी. पुन्हा मागे. आता ते सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर फरशीवर बसले होते. एक एक चित्र पुढे सरकवत त्यांनी यतीनच्या बोटांवर बोट ठेवलं.

"सुप्रभा, हे सुटलेलं नाही," ते म्हणाले. "सुटताना बोटं आवळलेली असतात. ही उघडलीत. याने टाकलंय."

का टाकलं असेल, असं मी विचारणार होते, पण त्यांचं बोट यतीनच्या डोळ्यांकडे गेलं होतं. तो पातेल्याकडे बघतच नव्हता. तो चित्राच्या खालच्या कडेकडे बघत होता. तिथे, अगदी कोपऱ्यात, एका कोल्हापुरी चपलेचं टोक होतं आणि तिच्या खाली स्टेज संपलेलं होतं. भाऊजींचा एक पाय हवेत होता. कॅमेऱ्यातून बघणाऱ्या माणसाला तेवढं दिसलं नव्हतं, आणि आम्ही सगळे पातेल्याकडे बघत होतो.

पुढची चित्रं हलली. यतीनचा खांदा मोठा मोठा होत आला आणि चित्र काळं झालं. तो आदळला नव्हता. तो मध्ये पडला होता.

भाऊजींनी टेप बंद केली. मग हळूच म्हणाले, काहीच बोलला नाही गं तो. ताई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. ती म्हणाली, काय बोलणार, भर मंडळात तुम्ही स्टेजवरून पडत होतात म्हणून सांगायचं? त्याच्या बुटात गरम आमटी गेली होती, पायाला फोड आलाय. मालविकाने रात्री सांगितलं मला. पोरीला वाटतंय तो धांदरट आहे, तरीसुद्धा तिला तोच हवाय.

भाऊजी उठले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. जिन्याखाली जाऊन मालविकाला हाक मारली आणि यतीनच्या घरचा नंबर मागितला. ती दोन पायऱ्या उतरून थबकली, आणि फोन घेऊन खाली आली.

नागपूरला दुपार झाली होती. यतीनच्या वडिलांनी फोन उचलला. भाऊजी उभ्यानेच बोलत होते, घर तपासायला गेल्यासारखे ताठ. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलगी काय करते ते सांगितलं. मग अडखळले. अशा वेळी काय बोलायचं असतं हे ताईने त्यांना कधी शिकवलं नव्हतं, आणि रिपोर्टची भाषा नागपूरला कळण्यासारखी नव्हती. मालविका माझा हात धरून उभी होती.

"तुमच्या मुलाला मी बारकाईने बघितलंय," भाऊजी शेवटी म्हणाले. "हातातलं टाकून तो माणूस धरतो. माझी मुलगी त्याला द्यायची आहे."