वात गप जळली की तेल झालं

आमच्या बोरिवलीच्या घरात रविवारची दुपार हिरवी असायची. आई लोखंडी कढईत खोबरेल तेल चढवायची, त्यात माक्याचा आणि ब्राह्मीचा रस ओतायची आणि वरून जास्वंदीची फुलं सोडायची. मग मंद आचेवर दोन-अडीच तास. त्या वासाने मला गुंगी यायची. गार लादीवर उशी टाकून मी ओट्यापाशीच आडवी व्हायचे आणि वरून काही तरी ओलं, पानांचं, माझ्यावर उतरत राहायचं.

तेल झालं की नाही हे ओळखायची तिची एकच रीत. कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर रसातलं पाणी अजून आत आहे, गप जळली तर तेल झालं. माझ्या अर्धवट झोपेत ती तडतड यायची, थांबायची, पुन्हा यायची. मग एका वातीला काहीच ऐकू यायचं नाही, आणि मी नेमकी तेव्हाच जागी व्हायचे.

पुढे मी अंधेरीत, केसांची तेलं आणि क्रीम बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथेही माका आणि ब्राह्मीच, पण पिंपातून आलेली, वासाला निम्मीशिम्मी. तिथे शिकलेलं सगळं घरी येऊन आईला ऐकवायची मला खोड. शहाणी ना मी!

गेल्या वर्षी मुलुंडच्या मावशीचा फोन आला, आईने पाठवलेल्या तेलाला खवट वास येतोय. मग खालच्या मजल्यावरूनही बाटली परत आली. आईचा चेहरा उतरला. "खोबरेलच वाईट असणार," ती म्हणाली. मी एक बाटली कारखान्यात नेली, मशीनवर तपासली आणि घरात पाऊल टाकताच निकाल दिला, "पाणी राहिलंय आई. कच्चंच उतरवलंस तू."

"तुझ्या मशीनीक काय कळता? वात गप जळत होती." थोड्या वेळाने, खिडकीतल्या माक्याच्या कुंडीकडे बघत म्हणाली, "येत्या रविवारी शेवटचं करते. बिघडलं तर कढई भंगारात दे. लावा सगळ्यांनी बाजारातलं."

ती कढई नसलेलं आमचं स्वयंपाकघर मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

त्या रविवारी मी आडवी झाले नाही, आईच्या शेजारी उभी राहिले. तिने वात पेटवली. तडतड, तडतड. चांगली दारापर्यंत ऐकू जावी अशी. आईने समाधानाने ज्योतीकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"बघ, कशी गप जळते."

मला आधी हसू आलं. मग एकेक आठवत गेलं. मोठ्याने लावलेला टीव्ही. फोनवर सारखं "काय? काय?" दाराची बेल वाजत असताना शांतपणे भाजी निवडत बसलेली आई. तेलातला पाण्याचा थेंब शोधून काढणाऱ्या मला हे एवढं दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी गॅस पुन्हा पेटवला. तिने माझ्याकडे पाहिलं, वातीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग स्टुलावर बसली. बराच वेळ फक्त तेलाचे बुडबुडे फुटत होते. ते तरी तिला ऐकू येत होते की नाही, कोण जाणे.

मग तिने नवी वात वळली, बुडवली, पेटवली. या वेळी मात्र ती ज्योतीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली. अजून नाही. ऊन ओट्यावरून लादीवर उतरलं, जास्वंद काळी पडली. दुसरी वात झाली, तिसरी झाली. चौथीला काहीच आवाज आला नाही.

"गप जळली!" मी ओरडले.

"मग बंद कर गॅस," आई म्हणाली. "आणि हळू बोल गो. शेजारी म्हणतील, म्हातारी बहिरी झाली."