काटेबाई आणि गायब झालेला ड्राइव्ह

बत्तीस वर्षं काटेबाईंनी दुसऱ्यांची वजनं तपासली. वजनमापे खात्यात त्या निरीक्षक होत्या. भाजीवाल्यांचे तराजू, रॉकेलची मापं, भंगारवाल्यांचे जमिनीत बसवलेले मोठे काटे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. मापाच्या तळाला आतून चिकटवलेलं मेण, पोखरून पुन्हा बुजवलेलं वजन, पारड्याखाली लपवलेला लोहचुंबक, असलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वजन नुसतं तळहातावर झेलून त्या म्हणायच्या, "वीस ग्रॅम कमी आहे," आणि ते बरोबर वीस ग्रॅमच कमी निघायचं. काटेबाई हे नाव त्यांना बाजारानेच दिलं. हा काटा तराजूचा की बाभळीचा, यावर मात्र बाजारात दोन मतं होती.

नोकरीतून माणूस निवृत्त होतो, नजर कुठे होते? दुधाची पिशवी हातात आली की बाई ती आधी झेलून बघत. मीटर वाचायला येणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून आकडा स्वतःही वाचून घेत. त्यांची धाकटी बहीण त्यांच्यासोबत राहायची. तिने जन्मभर शाळेत शिवण शिकवलं होतं. ती म्हणायची, "ताई, तुला कुणी फूल दिलं तरी तू आधी पाकळ्या मोजशील."

अशा बाईंनी म्हातारपणी एक भलतंच काम अंगावर घेतलं. अंधांच्या ग्रंथालयाला पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणारी माणसं हवी होती. बाईंचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. भर बाजारात पंचनामे वाचून दाखवल्याचा तो गुण. चार वर्षांत त्यांनी एकसष्ट पुस्तकं वाचली. खिडकीशी टेबल, टेबलावर माइक आणि खाली फरशीवर संगणकाचा उभा डबा. वाचलेलं सीडीवर भरून त्या ग्रंथालयात नेऊन देत, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे मोठ्या बटणांचे जुने सीडीप्लेअरच होते. देण्याआधी प्रत्येक सीडी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. यंत्रावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

त्यांच्या श्रोत्यांत एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होते. मागच्याच गल्लीत राहायचे, म्हणून त्यांची सीडी बाई स्वतः पोचवत. त्या वेळी एक खुनाची कादंबरी चालू होती. सात सीड्या झाल्या होत्या, आठवी आणि शेवटची तेवढी राहिली होती, आणि ऑपरेटर रोज सकाळी फोन करून विचारत, "बाई, खुनी सापडला का?"

अशात संगणकाचा पंखा घरघरू लागला. ती घरघर ध्वनिमुद्रणात यायला लागली, म्हणून बाईंनी चौकातल्या संगणकवाल्याला बोलावलं. पस्तिशीचा, अबोल, तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. गुरुवारी तो आला, डबा उघडला, धूळ काढली, पंख्याला तेल दिलं. बाई शेजारी स्टूल टाकून डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. पण मध्येच दारावर गॅसवाला आला. सिलिंडरचं सील तपासायचं, तो ताणकाट्यावर लटकवून घ्यायचा, यात बाईंची सात मिनिटं गेली. परत आल्या तेव्हा डबा बंद झालेला होता आणि संगणकवाला हात पुसत होता.

शनिवारी शेवटची सीडी भरायला म्हणून बाईंनी संगणक चालू केला. पडदा काळाच. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. एरवी मिनिटाच्या आत उघडणारं यंत्र, आज चहा करून आणला तरी तसंच. शेवटी एकदाचं उघडलं, तर सीडी ड्राइव्हचं चित्रच यादीत नाही. बाईंनी डब्याचं बटण दाबलं. ड्राइव्हचा कप्पा बाहेर आला. सीडी ठेवली, आत गेली. पण संगणकाच्या लेखी तिथे काही नव्हतंच.

"कप्पा उघडतो, म्हणजे ड्राइव्ह आहे," धाकटी म्हणाली.

"ड्राइव्ह आहे गं, पण *माझा* आहे का?" बाई म्हणाल्या. "दिसायला वजनासारखं वजन आणि आतून पोकळ, असली शेकडो पाहिलीत मी. चांगला काढून घेतला आणि भंगारातला बसवला. सात मिनिटं पुष्कळ झाली."

"अगं, कशावरून?"

"पाणी मुरतंय, इतकं मला कळतं."

मग बाईंनी रीतसर तपास सुरू केला. भिंतीवरच्या घड्याळावर भरवसा नको म्हणून खात्यातलं जुनं थांबघड्याळ काढलं. पहिल्यांदा चालू व्हायला चार मिनिटं बारा सेकंद. दुसऱ्यांदा चार मिनिटं पाच. तिसऱ्यांदा साडेचार. तीनही वेळा ड्राइव्ह गायब. सगळे आकडे त्यांनी वहीत उतरवले. याच वहीत मागच्या पानावर संगणकाच्या प्रत्येक भागाचा कारखान्याने छापलेला नंबर होता. दुरुस्तीला माणूस यायच्या आधी हे सगळं टिपून ठेवणं ही बाईंची जुनी सवय. आता डबा उघडून नंबर ताडून पाहणं काही अवघड नव्हतं, पण एकटीने उघडला तर समोरचा म्हणणार, तुम्हीच बदललात. बाईंनी डब्याच्या चारही कडांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर सही केली. धाकटीचीही घेतली.

रविवार त्यांनी कसाबसा काढला. आता प्रत्येक गोष्ट संशयाला खतपाणी घालू लागली. तो माणूस जाताना चहा का प्याला नाही? पिशवी घट्ट बगलेत का धरली होती? ऑपरेटरांचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "खुनी सापडलाय, पण सीडीवर उतरत नाहीये." मग हळू आवाजात, "आमच्याकडेही एक प्रकरण झालंय."

सोमवारी सकाळी वही घेऊन बाई चौकात गेल्या. संगणकवाल्याच्या दुकानात त्या वेळी दातांची डॉक्टर उभी होती. तिच्या दवाखान्यातले तीन संगणक दुरुस्तीला आले होते. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं नाही. पंचनाम्याच्याच आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही माझा सीडी ड्राइव्ह बदललात."

संगणकवाल्याच्या हातातला पेचकस थांबला. "मी, काकू?"

"तुमच्याशिवाय डब्याला कुणाचा हात लागला नाही."

तो डॉक्टरकडे बघेना, बाईंकडेही बघेना. "मी येतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी. तुमच्यासमोर उघडतो."

"उद्यापर्यंत पळवाट शोधायला वेळ हवा असेल."

तो पुन्हा पेचकस फिरवू लागला. बाईंना वाटलं, खाई त्याला खवखवे. डॉक्टर आपल्या तीन डब्यांकडे बघत राहिली.

मंगळवारी तो ठरल्या वेळी आला. बाईंनी आधी पट्ट्या दाखवल्या, सह्या दाखवल्या, मग स्वतः कात्रीने कापल्या. धाकटी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसली. डबा आडवा झाला, झाकण निघालं.

"नंबर वाचा," बाई म्हणाल्या आणि वही उघडली.

ड्राइव्ह आपल्या चौकटीत बसलेला होता आणि नंबराची चिठ्ठी त्याच्या पाठीवर, चौकटीच्या आत. संगणकवाल्याने दोन स्क्रू काढले, ड्राइव्ह बोटभर पुढे ओढला आणि एकेक अक्षर वाचलं. बाईंचं बोट वहीवर त्याच्याबरोबर सरकत होतं. शेवटच्या आकड्यावर येऊन ते थांबलं.

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. नंबर तोच होता. ड्राइव्ह बाईंचाच होता.

धाकटीच्या सुया थांबल्या होत्या. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग दिसत का नाही?"

तो तोपर्यंत डब्यात वाकला होता. "ही बघा." ड्राइव्हच्या मागे दोन वायरी होत्या. "ही विजेची. ही पक्की आहे, म्हणून कप्पा उघडतो. आणि ही चपटी लाल, निरोप नेणारी. ही निम्मी बाहेर आलीय. संगणक सुरू होताना सगळ्यांना हाक मारतो, काकू. याला हाक ऐकू जाते न जाते, उत्तर धड येत नाही. मग तो वाट बघत बसतो. चार मिनिटं वाट बघतो आणि नाद सोडतो."

"म्हणजे गुरुवारी तुमच्याकडून निघाली," बाई लगेच म्हणाल्या.

"मी ड्राइव्हला हात लावला नव्हता. पंखा या बाजूला आहे." तो जरा थांबला. "पण झाल्यावर चालू करून पाहिला तेव्हा वेळ लागला होता. म्हटलं, जुनं मशीन आहे, असेल असंच. तेव्हाच बघायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं."

"मग वायर आपोआप निघाली?"

त्याने ड्राइव्हच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथे नंबराच्या चिठ्ठीशेजारी शिसपेन्सिलीची एक बारीक खूण होती. बरोबरची खूण, शेपटीला किंचित वळण दिलेली.

ती खूण बाईंनी ओळखली. बत्तीस वर्षं तपासलेल्या प्रत्येक वजनाच्या नोंदीपुढे त्यांनी तीच खूण केली होती. दुरुस्तीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, धाकटी बाहेर गेलेली असताना, संगणकवाल्याने काही बदलाबदल केली तर पकडता यावी म्हणून त्यांनीच डबा उघडला होता. ड्राइव्हचा नंबर दिसेना, म्हणून दोन स्क्रू काढून तो बोटभर पुढे ओढला होता. नंबर उतरवला, खूण केली आणि मागे ढकलून दिला. मागे वायर ताणली गेली असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. तपासणाऱ्याच्या हातून वस्तू बिघडते हे त्यांच्या हिशेबातच बसत नव्हतं.

"ताई, ही तुझी..." धाकटी म्हणाली.

"दिसतंय मला."

संगणकवाल्याने लाल वायर काढून दुसरी नवी लावली, खटकन आवाज येईपर्यंत दाबली, ड्राइव्ह बसवला. बाईंनी सवयीने थांबघड्याळ दाबलं. अठ्ठेचाळीस सेकंद. सीडी ड्राइव्हचं चित्र आपल्या जागी हजर. साप साप म्हणून भुई धोपटावी आणि सगळ्यांनी ते उभं राहून बघावं, तसं झालं होतं.

"चहा घेऊन जा," धाकटी त्याला म्हणाली. "की दुकानात गर्दी आहे?"

"गर्दी नाही," तो पिशवी आवरत म्हणाला. "डॉक्टरबाई काल संध्याकाळी त्यांची तिन्ही मशीन परत घेऊन गेल्या." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. चहाही घेतला नाही.

तो गेल्यावर बाईंनी वही मिटली आणि एक कोरा कागद घेतला. नोकरीत असताना त्यांनी कितीतरी दुकानांचे परवाने थांबवले होते. कुणाच्या बाजूने दोन ओळी लिहिल्याचं मात्र त्यांना आठवेना. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: सदर तंत्रज्ञाने माझ्या संगणकाचा कोणताही भाग बदललेला नाही. बिघाड माझ्या हातून झाला होता. सोमवारी मी केलेला आरोप खोटा होता. खाली सही, तारीख.

दवाखान्यात त्या रुग्णांच्या रांगेत बसल्या. नंबर आल्यावर खुर्चीत बसायला त्यांनी नकार दिला. "दात नाही दाखवायचे," म्हणून कागद पुढे केला.

डॉक्टरने वाचला. "पण बाई, काल तर तुम्ही एवढ्या खात्रीने बोलत होता. आज उलट सांगता. मी कुठली खात्री धरू?"

प्रश्न रास्त होता. बाईंनीही तोच विचारला असता. "काल मी तपासलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज तपासलंय."

"त्याने तुम्हाला पाठवलं का?"

"त्याला माहीतही नाही." आणि मग, बहिणीशीही ज्या आवाजात कधी बोलत नसत त्या आवाजात, "तो माझ्यासमोर आपली चूक स्वतःहून सांगून गेला. मला ते सुचलं नाही. माझी चूक पेन्सिलीने लिहिलेली निघाली तेव्हा कळली."

डॉक्टर हसली नाही. बघते म्हणाली. आठवड्याने तिने एक संगणक त्याच्याकडे पाठवला. उरलेले दोन मात्र दुसरीकडेच गेले. बाई चौकातून जाताना त्याच्या दुकानात डोकावून मोजत, एक, आणि मान खाली घालून पुढे जात. दुकानात शिरून त्याला तोंडाने चुकलं म्हणायला त्यांना आणखी पंधरा दिवस लागले. त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, आणि बाई ती असतानाच बोलल्या. तो "असू दे, काकू" म्हणाला आणि हातातल्या कामाकडे वळला.

आठवी सीडी मात्र डबा दुरुस्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी पोचली होती. ऑपरेटरांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "खुनी तोच निघाला की. मला तिसऱ्या सीडीपासून ठाऊक होतं."

"कशावरून?" बाई संशयाने म्हणाल्या.

"त्याचं बोलणं आलं की तुम्ही जरा गोड आवाजात वाचत होता."

काही महिन्यांनी माइकची पिन बिघडली आणि संगणकवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं. तो आला, पण डब्याला हात लावला नाही. आधी पिशवीतून एक छापलेला कागद काढून बाईंपुढे ठेवला. संगणकाच्या प्रत्येक भागाचं नाव, त्यापुढे नंबर, खाली त्याची सही आणि शेजारी बाईंच्या सहीसाठी मोकळी रेघ.

धाकटीला हसू आवरेना. बाई मात्र त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिल्या. हा मान होता की टोमणा? चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी पाचव्या ओळीत एक आकडा चुकलेला सापडला. तीनच्या जागी आठ.

"हा चुकलाय," त्या म्हणाल्या.

"हो का?" तो म्हणाला.

"मुद्दाम चुकवलात? मी वाचते की नाही ते बघायला?"

"कोण जाणे, काकू," तो म्हणाला आणि वाकून स्क्रू काढायला लागला.

बाईंनी आठाचा तीन केला, रेघेवर सही केली आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या. या वेळी त्यांनी त्याला बॅटरीचा उजेड धरला.