व्याह्यांच्या डोहात वॉटर पोलो

जायचं ठरलं तेव्हा आमचे सातही खेळाडू विहिरीत होते, नाना काठावर होते आणि मी मधल्या पायरीवर. पिंप्राळ्यातल्या नानांच्या मळ्यातली ही विहीर म्हणजेच आमचा वॉटर पोलो क्लब. नाना एकदा कापसाच्या कामासाठी मुंबईला गेले, तिथे त्यांनी गोऱ्या साहेबांना पाण्यात चेंडू खेळताना पाहिलं आणि येताना चेंडूही आणला आणि खेळही. तेव्हापासून ते मुख्य शिक्षक. मी शाळेत कवायत घेतो आणि मला पोहता येतं, म्हणून मी दुय्यम. नाना स्वतः कधी पाण्यात उतरत नसत. शिकवणाऱ्यानं काठावरच राहायचं असतं, असं ते म्हणत आणि आम्हा सगळ्यांना ते पटत असे.

विहिरीत शिकल्याचे परिणाम व्हायचे ते झालेच. आमची मुलं सरळ पोहत नसत, भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरत. चेंडू पुढे फेकायची सोय नव्हती, पुढे दगड. म्हणून तो वर, मोटेच्या चाकाकडे फेकायचा. चाकाला लागला की गोल. या तयारीवर आम्ही परगावी सामना खेळायला निघालो होतो.

सामन्याचं बोलावणं आलं होतं धुळ्याजवळच्या आबांकडून. आबा म्हणजे नानांचे व्याही. नानांची एकुलती एक लेक सुमन त्यांच्या घरी दिली होती. लग्नात व्याह्याला जेवायला उठवण्यासाठी मुलीच्या बापानं सुपारी घेऊन जायचं असतं, हात जोडायचे असतात. नेमकं त्याच वेळी आमचा चेंडू पाणी पिऊन विहिरीच्या तळाला गेला आणि नाना मुलांना घेऊन तिकडे धावले. आबा उपाशीपोटी पाटावर बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी सुमनला माहेरी पाठवलं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि आता आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला खानदेशातली लेक माहेरच्या झोक्यावर नसेल, तर त्या घराला सण नसतो. अक्का, म्हणजे नानांची बायको, झोक्याचा दोर काढून ठेवून त्याच्याकडे नुसती बघत बसायची.

आबांनी संघ का काढला, हेही ऐका. ज्या खेळापायी आपला मान गेला तो खेळ आहे तरी काय, हे त्यांना बघायचं होतं. बघता बघता गोडी लागली.

"मास्तर," नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. आपल्याले जिंकायचं नाही."

"मग जायचं कशाला?"

"पोरीले आणाले. व्याह्याले त्याच्याच गावात हरवलं, तर तो पोर पाठवील का?"

मला ते पटलं. मुलांना मात्र हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला.

धुळ्याला जायला दोन वाटा. चाळीसगावला गाडी बदलून रेल्वेनं जा, नाहीतर एरंडोल-पारोळ्यावरून सर्व्हिस मोटारीनं. रेल्वेत बसायला मिळतं. मोटार स्वस्त, पण ती चढाला थांबते, उताराला थांबते आणि ड्रायव्हरच्या मावशीचं घर लागलं की तिथेही थांबते. आम्ही मोटारीनं गेलो. चैत्र संपत आला होता, लू अंग भाजून काढत होती. खिशात कांदा ठेवा, ऊन बाधत नाही. एरंडोलला चहा बरा मिळतो, पारोळ्याला शेव घ्या.

शेजारच्या फेटेवाल्यानं विचारलं, "कुस्तीले चालनात का?"

"नाही. पाण्यात चेंडू खेळायला."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. कोरडा नाला, पलीकडे कोरडी नदी, तिच्यात चरणाऱ्या शेळ्या. "पानी कोठे शे?" असं विचारून तो पारोळ्यापर्यंत आमच्याशी बोलला नाही.

पाणी होतं. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि आबांच्या गावच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यातही डोह राहतो. कडेला कमरेएवढं पाणी, मध्ये चांगलं खोल. आबांचा संघ कायम कडेला खेळे. त्यामुळे ती मुलं पोहत नसत, पाण्यात उभी राहत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या खेळात पाय टेकायचे नसतात.

पण सामन्याआधी पंगत होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. आबा स्वतः वाढायला.

"आबा, आता पाण्यात उतरायचंय," मी म्हणालो.

"मंग? पानीमा भूक लागस." त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन बट्ट्या टाकल्या.

असा प्रवास करणाऱ्यांना माझा सल्ला आहे: खानदेशात सामना आधी खेळा, जेवण नंतर घ्या. आमचा गोलरक्षक धोंडू पाटावरून उठला तो दोघांच्या आधारानं. सुमन स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं नानांकडे पाहिलं आणि आबा मध्ये तुपाचं भांडं घेऊन आले. धोंडूला पोहायला तिनंच शिकवलं होतं, त्याच विहिरीत. त्यालाही तिच्याशी बोलता येईना.

सामना सुरू झाला. पंच होते गावचे कवायत मास्तर, माझ्याच जातकुळीचे. सगळं गाव बंधाऱ्यावर जमलं होतं, बायका एका बाजूला. चेंडू आमच्या हाती आला. समोर आबांचा गोल, बांबूचे दोन खांब, मध्ये कुणी नाही. आमच्या मुलानं चेंडू घेतला, दोन गिरक्या मारल्या आणि तो अदबीनं समोरच्या संघाला देऊन टाकला. मी सुटकेचा श्वास सोडला. समोरच्या मुलानं चेंडू घेतला, आमच्या गोलापर्यंत चालत गेला, धोंडूला नमस्कार केला आणि चेंडू परत दिला.

मी काठाकाठानं आबांकडे धावलो. "ही काय तऱ्हा?"

आबा म्हणाले, "मना दारवरतीन पाव्हणा हारीसन जावाव नही. गोल तुम्हीच करा."

"आम्ही कसा करणार? आम्ही मुलीकडचे!"

मग जे झालं त्याला खेळ म्हणायचं असेल तर म्हणा. चौदा मुलं चेंडू एकमेकांच्या गळ्यात घालत होती. "घ्या ना." "नही, पहिले तुम्ही." पंचांनी शिट्टी वाजवून वाजवून शेवटी ती खिशात ठेवली. इकडे ऊन कलायला लागलं होतं आणि मला एकच काळजी पडली होती. बरोबरी झाली तर आबांचा मान राहिला की गेला? सुमन येणार की नाही?

नानांनाही तेच सुचलं असणार. ते उठले, खिशातून सुपारी काढली, हात जोडले आणि समोरच्या काठावर बसलेल्या आबांकडे सरळ निघाले. सरळ म्हणजे डोहातून. गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले, मग दिसेनासे झाले.

वर आले तेव्हा हात हवेत होते. आमच्या मुलांनी खेळ थांबवला आणि एकाग्र होऊन पाहायला लागली. "बघा रे, नाना शिकवून राहिले," धोंडू म्हणाला. मीही क्षणभर तेच समजलो, याची मला अजून लाज वाटते. मग बायकांतून कुणीतरी ओरडलं आणि पाण्यात धप्पकन आवाज झाला.

सुमन होती. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर पदर नाही. तिनं वाटेत चेंडू उचलला, नानांच्या पोटाशी कोंबला आणि "घट्ट धरा!" असं बापावर खेकसत मागून लोटायला लागली. सगळ्यात जवळ टेकायला होते ते गोलाचे बांबू. बाप, लेक आणि चेंडू, तिघंही खांबांमधून आत गेले.

पंचांनी शिट्टी काढली आणि जीव खाऊन वाजवली. "गोल!"

ते खांब आमच्याच बाजूचे होते. नाना काठावर पालथे पडून पाणी ओकत म्हणाले, "आबा, गोल तुमचा. लेक तुम्हाला दिली. ती तुमची."

आबांनी एकदा ओल्याचिंब सुनेकडे पाहिलं. गावापुढे सासऱ्यासमोर सून अशी पाण्यात उडी घेते, हे त्या काठावर कुणी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

"कसा आमना?" आबा गरजले. "पोर तुमनी शे. तिले पोहाले तुम्हीच शिकाडं. गोल तुमना!"

"नाही, तुमचा!"

नानांच्या मुठीत ती सुपारी अजून होती. आबांनी ती बोटं उलगडून काढली आणि तोंडात टाकली. सुमननं पदर पिळला. "मी कोणाची ते तुम्ही दोघं निवांत ठरवा," ती म्हणाली. "तोवर आखाजीले मी माहेरी जाते." आणि ती कपडे बदलायला घराकडे निघाली. आबा तिच्या पाठीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "लई जा तिले माहेरले. आनि ह्या व्याहीले पोहाले शिकाडा."

परतीला आम्ही रेल्वेनं आलो. चाळीसगावला बराच वेळ बसावं लागतं, पण सुमन बरोबर होती, कुणाला काही वाटलं नाही.

आता तुम्ही विचाराल, या दौऱ्यातून काय मिळालं? खेळात आम्ही होतो तिथेच आहोत. मुलं अजून गोलच पोहतात. पण आखाजीला पिंप्राळ्याला झोका बांधला गेला, आणि सकाळी विहिरीवर उलटा कारभार सुरू झाला: नाना पाठीला सुका भोपळा बांधून, मोटेचा दोर धरून पाण्यात, सुमन काठावर. "नाना, दोर सोडा," ती ओरडे. नाना सोडत नसत.

सण झाल्यावर आबा सुनेला न्यायला आले. नानांनी सुपारी पुढे केली, हात जोडले, पाट मांडला. जेवता जेवता गोल कुणाचा यावरून पुन्हा वाजलं. मग आबांनी विचारलं, "पोहाले शिकनात का?"

"कुठलं," नाना म्हणाले. "अजून दोर सुटत नाही."

"मंग दिवाळीले परत धाडसू तिले. पुरं शिकाडी टाकू द्या."

आदल्याच दिवशी नाना दोर आणि भोपळ्याशिवाय विहिरीत पोहत पाच फेऱ्या मारून आले होते. मी पायरीवर होतो, मी पाहिलं होतं. सुमननं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बट्टीवर तूप वाढून घेतलं.