हळदीचं पाणी आणि चौथा चौकोन

नव्वदचं दशक सरत आलं होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी सुरतेजवळ उधन्याच्या घरी बसले होते. वडील लूमवर कापड विणायच्या कामाला. एका संस्थेत एड्सच्या प्रकल्पावर आकडेमोडीला माणूस हवा होता, मी गेले. आईने अहिराणीत विचारलं, "तुनं काय काम शे तठे?" मी म्हटलं, "गणितं सोडवायची." ती खूश झाली.

काम गणिताचंच होतं. कागदावर तीन चौकोन: धंदा करणाऱ्या बायका, गिऱ्हाईकं, गिऱ्हाइकांच्या घरच्या बायका. मध्ये बाण. कंडोम किती वापरले तर लागण किती वर्षांत किती कमी होईल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. आमचे गुजराती डॉक्टर त्या चित्रावर फार खूश होते.

प्रश्नावली भरायला मी जुन्या शहरातल्या, धंदा चालणाऱ्या एका गल्लीत जायचे. तिथे विदर्भातली एक पोक्त बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणत. एके दुपारी ती म्हणाली, "बेन, इतकं विचारतेस, त्याचं करतेस काय? आम्हाला दाखव की."

चौकोन दाखवून उपयोग नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बारा ग्लास मांडले. अकरांत साधं पाणी, एकात चुन्याची निवळी. दिसायला सारखंच. निम्म्या बायका गिऱ्हाईक झाल्या. त्यांनी काजळाच्या मिश्या काढल्या आणि असा काही रुबाब दाखवला की खेळ सुरू व्हायलाच अर्धा तास गेला. जोडी जमली की एकमेकींच्या ग्लासात पाणी ओतायचं. ज्यांच्याकडे बशी, म्हणजे कंडोम, त्यांनी ग्लास झाकून धरायचा. तीन फेऱ्यांनंतर मी प्रत्येक ग्लासात चिमूटभर हळद टाकली. चुना पोचलेलं पाणी लाल होतं, बाकीचं पिवळं राहतं.

मावशीकडे बशी होती. तरी तिचा ग्लास लालभडक!

"तुम्ही बशी काढली होती?" मी विचारलं.

"दोन वेळा नाही काढली. तिसऱ्या वेळी आमचा माणूस आला ना!" तिने त्याचं सोंग घेतलेल्या समोरच्या मिशीवालीकडे बोट दाखवलं. "आठ वर्षं येतोय. त्याच्यापुढे कसली बशी? तो काय गिऱ्हाईक आहे?"

बायका खो खो हसल्या आणि मग एकेक जण आपल्या माणसाचं सांगू लागली. कारण जवळजवळ प्रत्येकीचा असा एक माणूस होता.

माझ्या कागदावर तो कुठेच नव्हता. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, "बेन, फरीथी दोरो." पुन्हा काढा. मी चौथा चौकोन काढला, आकडे घातले, तर आमची लागणीची छान उतरणारी रेघ मध्येच अडून बसली. नुसतं बायकांना कंडोम वाटून भागणार नव्हतं. या माणसांशी बोलायला हवं होतं.

अशा माणसांच्या पहिल्या बैठकीला मावशी आपल्या माणसाला घेऊन आली. कापड मार्केटमध्ये घड्या घालणारा, लाजाळू गृहस्थ. तिथेही तोच खेळ मांडला, आणि हळद पडताच त्याचाही ग्लास लाल झाला. त्याने तो ग्लास उचलून उजेडात धरला. मग हळूच मावशीला म्हणाला, "रक्त तपासून घेऊ का आपण दोघं?"

दोघांनी तपासलं. काही निघालं नाही. मावशीने गल्लीभर पेढे वाटले, आणि मला एक जास्तीचा दिला.